खैरखोची लाकडं चोरीला जावीत म्हणून

१८ फेब्रुवारी १९५६, शनिवार

शेजारच्यांचा पत्रा आमच्या गच्चीवर, आमची खाट त्यांच्या अंगणात! कालचं वादळ अशी समसमान वाटणी करून गेलं. गारा लिंबाएवढ्या. विमल परात घेऊन अंगणात धावली — "अहो, लोक पैसे देऊन बर्फ आणतात!" डोक्यावर एक गार बसली तेव्हा आत आली. टेंगूळ अजून आहे. मी हसलो म्हणून सकाळचा चहा बिनसाखरेचा मिळाला.

कचेरीत निरोप — खैरखोच्या जंगलात बरीच झाडं पडली आहेत. मी तिथला रेंजर, माझीच हद्द. सोमवारी जायचं.

२० फेब्रुवारी, सोमवार

बरीच?! अरे, उभी किती आहेत ते विचारा!

धावडा, सालई, खैर — सगळी एकाच अंगाला झोपली आहेत, पंगतीत जेवून आडवी झाल्यासारखी. मी या जंगलात दहा वर्षं हिंडतोय, पण आज वाट सापडेना. दौलतसिंह पुढे, मी मागे. हा आमचा गार्ड. एरवी महुव्याच्या, म्हणजे मोहाच्या झाडाखाली घोरत असतो. आज त्याचा महुवाही मोडला होता, म्हणून जागा.

हसण्याचा भाग इथे संपला. टेकडी आणि खालची सहरिया आदिवासींची वस्ती यांच्या मधे आमची जाळरेषा आहे — झाडझुडूप काढून मोकळा ठेवलेला पट्टा. वरून आग आली की इथे तिला खायला काही मिळत नाही, आणि ती विझते. तो पट्टा आज दिसतच नाही. कमरेएवढ्या फांद्या पडल्या आहेत त्यावर. आज हिरव्या आहेत. एप्रिलात लू, ते भाजणारं वारं, सुटेपर्यंत कुरकुरीत होतील. आणि त्याच सुमाराला लोक महुव्याची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात. दरवर्षी पेटवतात, दरवर्षी कुठेतरी आग हातची सुटते.

वस्तीचा म्होरक्या, म्हातारा पटेल, जाळरेषेकडे बघत म्हणाला, "साहब, अबके चिनगारी गिरी तो हम भागेंगे किधर?" त्यांच्या झोपड्या गवताच्या. वीस-पंचवीस उंबरे. मी म्हटलं, महिन्याभरात साफ करतो.

बोलून बसलो खरा!

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना भेटलो. माधवराव साहेब मूळचे होळकरशाहीतले. ग्वाल्हेर आणि इंदूर एका राज्यात घातली, तेव्हा आमच्या वाट्याला हे आले आणि आमचे एक तिकडे गेले. अदलाबदलीत आम्ही फसलो, असं कचेरीचं एकमत आहे. येऊन सहा वर्षं झाली, अजून म्हणतात — "आमच्या इंदुरात असं नसतं." सकाळी डब्यातून पोहे आणतात. विचारत नाहीत कुणाला.

म्हटलं, साहेब, निदान जाळरेषेवरच्या फांद्या तरी उचलू द्या.

"पडलेलं झाडही सरकारचं, भालचंद्रराव. आधी मोजणी, मग मंजुरी, मग लिलाव."

"तोवर होळी होईल हो त्याची!"

"वर लिहितो," म्हणाले, आणि पोहे खाऊ लागले.

२ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. कसं येणार? मध्य भारत हे राज्यच आता मोडणार. दुसऱ्या राज्यात जाणार. राजधानी जबलपूर म्हणतात, कुणी भोपाळ म्हणतात. आमच्या बड्या बाबूचा चुलतभाऊ शपथेवर सांगतो, की ग्वाल्हेरच! कुणाची खुर्ची राहणार, कुणाची जाणार, हेच कुणाला ठाऊक नाही. अशा वेळी सही करायला कुणी धजत नाही. सही न करणाऱ्यावर अजून कुणी चौकशी लावलेली नाही!

त्यात उन्हाळा आला की सरकार दप्तर बांधून उन्हाळी राजधानीला, इंदूरला, निघणार. म्हणजे आगीचा मोसम ग्वाल्हेरात आणि मंजुरी देणारे इंदुरात!

६ मार्च, मंगळवार

ऊन वाढलं. पानं तांबूस झाली. उत्तर नाही.

९ मार्च, शुक्रवार

सकाळी विमलचा आरडाओरडा. अंगणातला पाट चोरीला! परवाच खिळा ठोकून दुरुस्त केला होता. होळीची पोरं घेऊन गेली. म्हटलं, पोलिसांत देऊ? तर ही हसायला लागली.

"अहो, आपलं सबंध लष्कर गाव होळीसाठी लाकूड शोधत हिंडतंय, आणि तुम्ही लाकूड उचलणारी माणसं शोधताय!"

बी.एस्सी. मी, वनविद्या शिकलो मी, आणि अक्कल हिच्याकडे! वर म्हणते — "पाट गेला तो गेला. त्याबदल्यात नवा घ्या."

११ मार्च, रविवार

शिंद्यांची छावणी या मोहल्ल्यात गेलो. तिथली होळी जयसिंहराव रचतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या फौजेतलं. फौज गेली, मिशा राहिल्या. मी फार सभ्यपणे म्हटलं, की खैरखोत फांद्यांचा ढीग पडलाय, होळीसाठी हव्या तितक्या न्या, मी बघतो काय ते.

जयसिंहराव खुर्चीतून उठले.

"काय बोलून राहिलात, भालचंद्रराव? खैरात? आमच्या छावणीची होळी मागून आणलेल्या लकडीवर पेटणार?"

"मागून कुठे, मी देतोय..."

"तेच तर! होळीला लकडी लागते चोरलेली. दिलेली लकडी चुलीत घालतात. माझ्या आजोबांनी भर दरबारच्या दिवशी फाटकाची फळी उचलून आणली होती. आणि मी रेंजरच्या हातून फांद्या घेऊ? हद है यार!"

मी खाली मान घालून निघालो. पायरीवर होतो तेवढ्यात मागून हळूच आवाज — "पहरा असतो का तिथे?"

"असतो. सरकारी गार्ड आहे."

"मग ठीक." आणि मिशीवरून हात फिरवला.

घरी येऊन विमलला सांगितलं. ती पोट धरून हसली. मलाही हसू आलं. आपण सरकारी नोकर, आणि चोरांना पत्ता देऊन आलो! पण पटेलाचा तो प्रश्न दिवसातून दहा वेळा आठवतो. मोडायला नियम आहे, जळायला माणसं आहेत. मला निवड अवघड वाटली नाही. भीती मात्र वाटते.

१४ मार्च, बुधवार

चोरी झाली! धावत गेलो बघायला.

गाढव कुठचे! फांद्या जागच्या जागी, आणि खैराचे दोन बुंधे गायब! खैर म्हणजे कात, कात म्हणजे पैसा, लिलावात सगळ्यात आधी तोच विचारतील. आणि आगीच्या दृष्टीने बुंधा निरुपद्रवी! ठिणगी बुंध्यावर पडली तर विझते. पेटतो तो पाला, काटक्या, फांद्या. नेमकं तेच सगळं सोडून गेले.

जयसिंहरावांकडे गेलो. बुंधे परत करा म्हटलं. तर कानाला हात! "होळीचं चोरलेलं परत? अपशकुन! पुढच्या वर्षी होळीच पेटणार नाही."

डोकं धरून बसलो. विमल म्हणाली, "हे काम पुरुषांचं नाही," आणि चप्पल घालून दाणा ओळी मोहल्ल्यात गेली, सुधाताईकडे. सुधाताई तिची मावशी. दाणा ओळीची होळी तिच्या शब्दाबाहेर नाही.

१६ मार्च, शुक्रवार

बायको की चाणक्य!

तिने मावशीला एवढंच सांगितलं — छावणीवाल्यांनी जड बुंधे आणलेत, त्यांची होळी यंदा बसकी होणार. उंची येते ती फांद्यांनी. तुम्ही फांद्या आणल्या तर दाणा ओळीची होळी छावणीच्या वर जाईल. मग परतताना छावणीतल्या आपल्या मैत्रिणीला, शालिनीताईंना, सहज म्हणाली, दाणा ओळीवाले फांद्या आणणार आहेत म्हणे, फार उंच करणार आहेत.

आज दोन्हीकडची पोरं खैरखोच्या वाटेवर, बैलगाड्या घेऊन. बुंध्यांकडे कुणी बघेना! "लंबी वाली उठा बे, लंबी!" — हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, झाडाआड लपून. रेंजर आहे मी, आणि लपलो मी!

१९ मार्च, सोमवार

नवं संकट. दौलतसिंह प्रामाणिक झाला.

बारा वर्षांत या माणसाने एक काडीचोर पकडला नाही. पण कुणीतरी त्याच्या कानात भरलं, की नव्या राज्यात निकम्म्यांना घरी बसवणार. झालं! शिट्टी गळ्यात, काठी हातात, जाळरेषेवर उभा. दोन दिवसांत एक गाडी निघाली नाही. आज तर दुपारी कचेरीत छाती काढून हजर — "हुजूर, दो चोर पकड़े हैं। औरतें हैं। बैलगाड़ी समेत!"

बाहेर जाऊन बघतो तो गाडीत सुधाताई, पदरात करंज्यांचा डबा. आणि तिच्या शेजारी — आमची विमल! डोक्यात धावड्याची पानं.

"जावईबापू, हा तुमचा माणूस मला चोर म्हणतो," सुधाताई.

"चोरच आहात मावशी," मी.

"ते खरं, पण तोंडावर म्हणावं का?"

दौलतसिंह म्हणतो, "केस बनाऊँ, हुजूर? नाम क्या लिखूँ?" विमल शांतपणे म्हणाली, "लिखो — रेंजर साहब की घरवाली." बिचाऱ्याचा चेहरा बघवेना. त्याला आत नेलं, करंजी दिली, आणि समजावलं — तू बुंधे सांभाळ. एक बुंधा गेला तर तू गेलास. फांद्यांचं मी बघतो.

"और पहरा, हुजूर? सीटी?"

शिट्टी तर हवीच! पहारा नसला तर ती चोरी कसली? तू शिट्टी वाजव, ओरड, धाव. फक्त उलट दिशेला धाव.

करंजी संपवून म्हणाला, "यह तो हम पहले भी करते थे!"

२२ मार्च, गुरुवार

साहेब न सांगता खैरखोत आले! मी तिथेच. जाळरेषा निम्म्याच्या वर मोकळी झाली होती. माती दिसत होती हो, माती! मला ती बघून भरून येत होतं, आणि तेवढ्यात मागून पोह्यांचा वास.

"फांद्या कुठे गेल्या, भालचंद्रराव?"

"वारा सुटला होता, साहेब."

"कुठल्या दिशेला?"

"लष्करच्या."

हसले नाहीत. हा माणूस हसत नाहीच. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, वस्तीकडे बघत उभे राहिले. एक पोरगी शेळी हाकत होती, तिला म्हणाले, "घर कौन-सा है तेरा?" तिने दाखवलं. मग जीपमध्ये बसता बसता मला — "याचा जबाब कुणाला तरी द्यावा लागेल."

कुणाला तरी म्हणजे कुणाला, हे सांगायला नको. होळकरी ते होळकरीच! रात्रीचं जेवण गेलं नाही.

२६ मार्च, सोमवार. होळी

छावणीची उंच! नाही, दाणा ओळीची उंच! दोन्हीकडची माणसं बांबू घेऊन मापं काढत होती. मी दोन्ही ठिकाणी जाऊन दोघांनाही गुपचूप सांगितलं, तुमचीच. जयसिंहरावांनी पाठीत असा धपका घातला की तोंडातली पुरणपोळी बाहेर. "काय पहरा होता तुमचा! दोनदा जान हथेली पर घेऊन पळालो. अशी होळी तीस साल में नाही झाली!"

दौलतसिंह कोपऱ्यात उभा. त्याच्या शिट्टीचं कौतुक चाललं होतं आणि तो लाजत होता.

जाळरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ. बुंधे, ते पहिले दोन सोडून, जागेवर. आगीत नारळ टाकताना मनात म्हटलं, यंदाचं पेटायचं ते सगळं इथेच पेटू दे. विमलने हात जोडले होते. तिनेही तेच म्हटलं असणार. विचारलं तर म्हणते, "मी पाट मागितला."

२७ मार्च, मंगळवार

धुळवड. कानातून अजून हिरवं पाणी येतंय.

१२ एप्रिल, गुरुवार

लू सुरू. वरून मोजणीची मंजुरी नाही ती नाहीच. आता येऊन तरी काय मोजणार!

१९ एप्रिल, गुरुवार

हात भाजलाय, अक्षर वाकडं येईल.

दुपारी दौलतसिंह सायकलवर धापा टाकत आला. टेकडीच्या पलीकडे कुणीतरी महुव्याखाली पाला पेटवला होता, आणि लूने तो उचलला. आम्ही पोचलो तेव्हा माथा पेटला होता. पडलेल्या फांद्यांतून आग अशी उतरत होती, की तडतड आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. वस्तीत रडारड. बायकांनी पोरं काखोटीला मारली होती, शेळ्या सोडल्या होत्या. पटेल मात्र झोपडीच्या दारात बसून. म्हणाला, "कहाँ जाएँ साहब?"

आम्ही जाळरेषेवर ओळीने उभे राहिलो. हातात पळसाच्या ओल्या फांद्या, ठिणगी उडून आली की झोडपायची. मला घाबरायला झालं होतं, उघड लिहितो. पाय मागे येत होते. शेजारी दौलतसिंह. तो एरवी उलट दिशेला धावणारा माणूस, आज हलला नाही.

आग पट्ट्यापर्यंत आली. ज्वाळा पुरुषभर उंच. आणि तिथे पुढे नुसती माती. आग उभी राहिली, डावीकडे गेली, उजवीकडे गेली, खायला काही मिळेना. मग बसायला लागली. हळूहळू बसली.

एक झोपडी गेली नाही. एक शेळीसुद्धा नाही. पटेलाने माझे दोन्ही हात धरले, भाजलेलाही, आणि मी ओरडलो, आणि मग आम्ही दोघं रडलो. लाज कसली त्यात!

घरी आलो. विमलने हाताला तूप लावलं. सांगितलं तिला, तुझ्या पाटाने पंचवीस घरं वाचवली. म्हणाली, "मग आता तरी नवा आणा."

२४ एप्रिल, मंगळवार

घ्या! आग विझली आणि चौकशी पेटली.

कुणीतरी वर कागद घातला — सरकारी जंगलातलं गाड्या गाड्या लाकूड लष्करच्या होळ्यांत गेलं, अधिकारी सामील. दप्तर इंदूरला हलायच्या आत निकाल लावायचा म्हणून तीन अधिकारी शनिवारी येणार. नव्या राज्याच्या नोकऱ्यांच्या याद्या होत आहेत, नेमकं आत्ताच बोट दाखवलं की माणूस खाली गेलाच समजा. साहेबांना काय, वर्षावर पेन्शन आली, ते नामानिराळे! त्यांनी तर आधीच सांगून ठेवलंय. सुळावर चढणार मी.

२६ एप्रिल, गुरुवार

विमल चौकशी अधिकारी होऊन पाटावर बसते (नव्या!), मी समोर उभा. "फांद्या कुणी नेऊ दिल्या?" — "मी पाहिलंच नाही, हुजूर." — "पुन्हा म्हणा, चेहरा खोटा दिसतोय." आज सातव्यांदा म्हटल्यावर पास केलं.

२८ एप्रिल, शनिवार

साहेबांना निलंबित केलं.

पहिलाच प्रश्न तो आला — फांद्या कुणी नेऊ दिल्या? मी पाठ केलेलं म्हणायला तोंड उघडलं, तर बाजूच्या खुर्चीतून माधवराव साहेब उठले. "मी. तोंडी हुकूम माझा. रेंजरने तो पाळला." असा हुकूम त्यांनी मला कधी दिला नव्हता! मी उभा राहिलो. म्हणाले, "तुम्ही बसा हो." आणि मी बसलो.

घरी येऊन विमलला सांगितलं. वाढलेलं ताट तिने झाकलं, खुंटीवरचा कोट काढून हातात दिला. "जा. ते चौकशीचे अधिकारी अजून कचेरीतच असतील."

एवढं लिहून निघतो.